वाचकांचे प्रश्न : गोठलेल्या पीटमधला कार्बन, शिसे आणि पारा

प्रश्न : उत्तर स्वीडनमधल्या स्टोर्डालेनच्या दलदलीत चौरस मीटरमागे किती कार्बन गोठलेला आहे, हे कसे काढतात? पीट (दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) वाळवायचे आणि जाळायचे, एवढेच ना?
– भूशास्त्राची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : जाळण्याचा भाग सोपा. आकडा बिघडतो तो त्याआधी, घनफळ मोजताना. आबिस्कोजवळच्या या दलदलीत ‘पाल्सा’ म्हणतात ते गोठलेल्या पोटाचे पीटचे उंचवटे आहेत. उन्हाळ्याअखेर त्यांचा वरचा साधारण अर्धा मीटर थर वितळलेला असतो. तो धारदार पात्याने ठोकळ्यासारखा कापून निघतो. त्याखाली दातेरी तोंडाचे पोकळ ड्रिल लागते.

कोअर (ड्रिलमधून निघालेला पीटचा लांबट दंडगोल) गोठलेलाच प्रयोगशाळेत न्यायचा आणि गोठलेलाच करवतीने चकत्यांत कापायचा. वितळला की पाणी निथळते, पीट दबते आणि चकतीची जाडी कमी भरते. समजा चकती ५ सेंमी जाड आहे, कोरडी घनता घनसेंटिमीटरला ०.१ ग्रॅम आणि कार्बन ४७ टक्के. ५ × ०.१ × ०.४७ = ०.२३५ ग्रॅम प्रति चौरस सेंमी, म्हणजे चौरस मीटरला २.३५ किलो. दबलेल्या चकतीवरून घनता ०.१५ धरली, की तीच चकती ३.५ किलो दाखवते. कार्बनची टक्केवारी बहुतेक पीटमध्ये ४५ ते ५०च्या आसपासच फिरते, त्यामुळे तिची एवढी धास्ती नको.

भट्टीत ५५० अंशांना चार तास जाळून जी घट येते, तिच्या साधारण निम्मा कार्बन. तळाशी चिकणमाती मिसळलेली असेल तर तिच्यात बांधलेले पाणीही उडते आणि कार्बन जास्त दिसतो. तिथे कार्बन थेट मोजणारे यंत्र, मूलद्रव्य-विश्लेषकच वापरावा.

प्रश्न : पीटमधले शिसे हवेतून आले की मातीतून, हे टायटॅनियमवरून ठरवतात. माझ्या नमुन्यांत शिसे अवाच्या सवा जास्त दिसते. का?
– संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नमुने नुसत्या नायट्रिक आम्लात विरघळवले आहेत का? शिसे त्यात बऱ्यापैकी उतरते. टायटॅनियम मात्र खनिजकणांत अडकून तळाशी राहते. टायटॅनियम जवळजवळ मातीच्या कणांतूनच येते, म्हणून शिशाला त्याने भागतात; या भागाकारात खालचा आकडा घटला की गुणोत्तर फुगणारच. हायड्रोफ्लोरिक आम्लासह पूर्ण विरघळवा (हे आम्ल हाडांपर्यंत पोहोचते, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर बाटली उघडूच नका) आणि सोबत प्रमाणित (घटकांचे प्रमाण आधीच माहीत असलेला) पीटचा नमुना चालवा.

कोअरची बाहेरची एक सेंमी साल काढून टाकायची. ड्रिलच्या पोलादातले क्रोमियम आणि निकेल तिथेच लागते. सिरॅमिक सुरी चालेल, पण ती बहुधा झिर्कोनियाची असते, म्हणजे झिर्कोनियम मोजायचे असेल तर तीही बाद.

प्रश्न : गोठलेल्या जमिनीत १६ लाख टन पारा असल्याचे वाचले. खरे का?
– वाचक, नाशिक

उत्तर : हा २०१८चा अंदाज. अलास्कातल्या १३ कोअरांवरून एक ग्रॅम कार्बनमागे किती पारा, हे काढले आणि उत्तर गोलार्धातल्या सगळ्या गोठलेल्या प्रदेशाच्या कार्बनसाठ्याला ते लावले. मेख इथेच आहे. पीटमध्ये कार्बन भरपूर, पण त्या मानाने पारा थोडा; खनिजमातीत उलट. दोन्हींना एकच गुणोत्तर लावले की पीटच्या नावावर नसलेला पारा चढतो. सायबेरियाचे नमुने घेऊन आणि दोन्ही माती वेगळ्या धरून २०२०मध्ये केलेला अंदाज वरच्या तीन मीटरांसाठी सुमारे ६ लाख टनांवर आला. मला हाच जास्त पटतो.

पाल्सा खचून तिथे पाणी साचले की प्राणवायूविना जगणारे जिवाणू या पाऱ्यातला काही भाग मिथाइल पारा या जास्त विषारी रूपात बदलतात, आणि तो माशांत साठत जातो. त्यामुळे एकूण टनांपेक्षा कोणता भाग पाण्याखाली जातो, हे आधी पाहावे.

प्रश्न : अशा दलदलीचे पाणी फ्रीजरमध्ये ठेवले तर चालते का?

उत्तर : नाही. गोठताना विरघळलेला कार्बन आणि लोह यांचे गोळे होऊन तळाशी बसतात, त्यांना चिकटलेले धातूही जातात. जागेवरच ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळा. धातूंसाठीच्या बाटलीत अतिशुद्ध नायट्रिक आम्ल घाला, कार्बनसाठी वेगळी काचेची बाटली ठेवा, आणि दोन्ही ४ अंशांवर अंधारात.