रिममधलं पाणी खळखळतंय?

प्रश्न : पावसात वर्धा रोडवर सायकल चालवून आलो की चाक फिरवताना आतून पाण्याचा आवाज येतो. सायकल उलटी करून दोन दिवस ठेवली, तरी पाणी निघालं नाही. रिमला ड्रिलने छिद्र पाडू का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : छिद्र मुळीच पाडू नका. रिमला तडा जातो तो बहुधा छिद्राच्या कडेलाच, आणि तुमच्या रिमला पाणी निघायला वाट आहेच.

तुमची रिम डबल वॉल, म्हणजे आतून पोकळ. निपलभोवतीच्या (आऱ्याच्या टोकाच्या नटाभोवतीच्या) फटी, व्हॉल्व्हचं छिद्र आणि रिमचा जोड (तो बहुधा व्हॉल्व्हच्या बरोबर समोर असतो) इथून पाणी शिरतं. चाकाच्या तळाशी निपलची तोंडं वर, हबकडे (चाकाच्या मधल्या तुंब्याकडे) असतात. म्हणून साचलेलं पाणी तिथून गळत नाही, टायरकडच्या भिंतीवर पडून राहतं. सायकल उलटी केली तरी चाकाला तळ असतोच.

चाक काढा, हवा सोडा, व्हॉल्व्हची चकती काढून टायर-ट्यूब उतरवा. व्हॉल्व्हचं छिद्र अगदी खाली येईल असं चाक उभं धरा. टायरकडच्या भिंतीतलं छिद्र आता मोकळं आहे, पाणी तिथून ओघळेल. चाक थोडं पुढे-मागे हलवत राहा. मग रिम टेप (ट्यूबखालची पट्टी) काढा. आऱ्यांची मोठी छिद्रं टेपखालीच असतात आणि सगळ्यात जास्त ओल तिथेच दडते. कापडी टेप भिजली असेल तर नवी लावा. प्लास्टिकची पुसून चालते. टेपने सगळी छिद्रं झाकावीत, पण ती कडेला चढू नये, नाहीतर टायर नीट बसत नाही.

वाळवायला चाक रात्रभर पंख्यासमोर ठेवा. कूलर वापरत असाल तर पंप बंद करा, नुसता पंखा चालू द्या. ओल्या पॅडची हवा ओलावाच आणते.

टेप लावण्याआधी प्रत्येक निपलला दोन्ही बाजूंनी पातळ तेलाचा एक थेंब द्या. खरं नुकसान होतं ते निपल गंजून आऱ्याला चिकटतात तेव्हा. मग चाक सरळ करताना निपल फिरत नाही, आरा पिळला जातो किंवा तुटतो. तेल जास्त झालं तर पुसून घ्या. ट्यूबच्या रबराला, रिमच्या ब्रेकपट्टीला किंवा डिस्कला ते लागता कामा नये. बाकी चार थेंब पाणी आत राहिलं तरी सायकल चालवायला धोका नाही.

जुन्या काळ्या सायकलीच्या स्टीलच्या रिमला ही पोकळी नसते. तिथे टेपखाली गंज चढतो आणि तोच ट्यूब घासून पंक्चर करतो. टेप काढून पॉलिश पेपर मारा.

प्रश्न : पुलाखालच्या पाण्यातून सायकल काढली, हब बुडाला होता. आता करकर येते.
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : हबकडे लगेच बघा, रिमपेक्षा हे तातडीचं आहे. पाणी मिसळलेलं ग्रीस दुधट दिसतं आणि छर्रे आणि कोन (एक्सलवरचा, छर्रे ज्यावर फिरतात तो भाग) खरवडून टाकतं. कप-कोनचा हब असेल तर खोलून छर्रे मोजून ठेवा. बऱ्याच हबमध्ये पुढे 3/16 इंची 10 आणि मागे 1/4 इंची 9 असतात, दर बाजूला. सगळं रॉकेलने धुऊन वाळवा. छर्रे किंवा कोनवर खड्डे दिसले तर बदला. नवं ग्रीस कपात भरपूर भरा. कोन आवळताना एक्सल अडकता कामा नये. क्विक रिलीज (खटका दाबून चाक आवळायची सोय) असेल तर उघडं असताना किंचित खेळ ठेवा, दाबल्यावर तो जातो.

सीलबंद बेअरिंग असेल तर करकर म्हणजे बेअरिंग बदलायची वेळ. त्यावर लिहिलेला नंबर घेऊन दुकानात जा, तसंच मिळतं. आणि सर्व्हिस सेंटरवर प्रेशरचं पाणी हबवर मारू देऊ नका. चिखल बादलीभर पाण्याने आणि ब्रशने निघतो.