जळगावात पत्रकारिता शिकतोय. कॉलेजच्या बातम्यांसाठी फोटो काढायला कसं शिकू?

तुम्ही दोन अडचणी लिहिल्या आहेत. विभागाचा जुना डीएसएलआर कॅमेरा आणि त्यावरची १८-५५ मिमीची झूम लेन्स घेऊन सभागृहात गेलं की फोटो हलतात. आणि जे हलत नाहीत ते सगळे शाल-श्रीफळाचे, एकासारखे एक. मी याच भागात शिकताना बातमी आणि फोटो दोन्ही करायचो, म्हणून उत्तर देतोय. पहिली अडचण आठवड्यात सुटेल. दुसरीला मला दोन वर्षं लागली.

हलण्याचं आधी बघू. ती लेन्स ५५ वर नेली की अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, १८ वर मात्र ३.५ पर्यंत उघडतं (आकडा लहान तितकं छिद्र मोठं). म्हणजे जवळपास अडीचपट प्रकाश. तेव्हा मागच्या रांगेतून झूम करू नका, स्टेजच्या पायरीशी जाऊन बसा. शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, भाषणाला १/१२५ सेकंद, नाचाला १/५००. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२००. दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला येत नाही. एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० करून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे बरेचदा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइल वापरत असाल तर आधी लेन्स पुसा, आणि बातम्यांच्या डेस्कला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन बारीक होतो.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा एका वसतिगृहात चार दिवस पाणी नव्हतं. बातमी पक्की होती, मी स्वतः नळ फिरवून पाहिले होते. पण पोचलो दुपारी, मुलं तासाला गेलेली, ओटा रिकामा. मग खोल्यांतून सहा जणांना बोलावलं, हातात रिकाम्या बाटल्या दिल्या आणि नळासमोर रांगेत उभं केलं. फोटो झकास आला, छापूनही आला. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या माणसांनी त्यातल्याच एका मुलाला विचारलं आणि तो खरं तेच बोलला, ‘बाटल्या धरायला त्यांनीच सांगितलं.’ बस, तेवढंच त्यांना पुरलं. फोटो बनावट, म्हणून बातमीही बनावट. चार दिवसांचं कोरडेपण माझ्या एका फोटोने पुसलं गेलं. त्या मुलांना पाणी आणखी उशिरा मिळालं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतर मी पहाटे साडेपाचला तिथे जाऊन बसलो. कुणाला काही सांगितलं नाही. अर्ध्या तासात दोन मुलं शेजारच्या शेतातल्या विहिरीवरून बादली आणताना दिसली, बादलीची कडी दोघांच्या मध्ये, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, एकाच्या पायात चप्पल नाही. आधी फोटो काढला, मग जवळ जाऊन ‘छापू का?’ म्हणून विचारलं. तो फोटो कुणाला खोटा ठरवता आला नाही.

म्हणून माझा एकच नियम: घडतं ते हलवायचं नाही, हलायचं आपण. उजेड वाईट असेल तर तुम्ही बाजू बदला. मुलाखतीसोबतचा चेहरा घ्यायचा असेल तर माणसाला निंबाच्या सावलीत बोलवायला हरकत नाही, तो फोटो मुद्दाम काढलाय हे वाचणाऱ्याला कळतंच. एप्रिल-मेच्या बाराच्या उन्हात तर बोलवाच, नाहीतर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात.

उजेड शिकायचा असेल तर चाळीसगावला जा. स्टेशनपासून जवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता ते कलादालन आहे. टेबलावर लहान-लहान वस्तू मांडून, त्यावर हवा तसा प्रकाश पाडून ते अख्खा देखावा उभा करायचे. या टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचा हात धरणारे फार थोडे. तिथे मी एकेका फोटोसमोर उभा राहून उजेड कुठून आला असेल ते शोधायचो, अर्धा दिवस कसा गेला कळलं नाही. त्यांनी सगळं मांडून केलं आणि ते कला म्हणूनच लोकांपुढे ठेवलं. आपण बातमी करतो, आपल्याला मांडायची मुभा नाही. पण उजेड ओळखणारी नजर दोन्हीकडे तीच लागते.

फोटोइतकीच वही महत्त्वाची. आपल्याकडे एका वर्गात पाच पाटील, तीन चौधरी आणि दोन महाजन असतात. नुसतं ‘पाटील’ लिहून चालत नाही. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव त्यालाच वहीत लिहायला सांगा, आणि डावीकडून कोण उभं आहे ते तिथेच टिपा. घरी येऊन आठवू म्हणाल तर चुकाल. बक्षीस मिळालेल्या मुलीच्या फोटोखाली दुसरीचं नाव गेलं की तिच्या घरी ते कात्रण कुणी जपून ठेवत नाही.

आणि फक्त प्राचार्यांशी बोलू नका. शिपाई आबा, कँटीनवाले, सकाळच्या एसटीने पास काढून येणारी मुलं, यांना आधी कळतं. अहिराणी, म्हणजे आपल्या खानदेशची बोली, येत असेल तर अहिराणीत बोला. ‘काय करी राहिना भो?’ एवढ्यानेही माणूस मोकळा होतो.

शाल-श्रीफळाचा फोटोही काढाच, आयोजकांना तो लागतो, दोन मिनिटांचं काम. पण विद्यापीठाचा युवारंग हा युवक महोत्सव कव्हर करणार असाल तर उद्घाटनाच्या दोन तास आधी जा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांची मुलं तिथे येतात. स्टेजमागे कुणी भिंतीला टेकून डोळे मिटून संवाद पाठ करत असतं, कुणी मैत्रिणीच्या पायात घुंगरू बांधत असतं. तिथे कोपऱ्यात खाली बसा, कॅमेरा मांडीवर ठेवा आणि पंधरा मिनिटं एकही फोटो काढू नका. ती मुलं तुमच्याकडे बघायची थांबली की सुरुवात करा.