पांढऱ्या पट्टीवरील परिपथ

प्रश्न : मिरकरवाडा बंदरात मी होड्यांवरील दिवे, इन्व्हर्टर आणि वायरलेस संच दुरुस्त करतो. काही मॉड्यूलांत हिरव्या बोर्डाऐवजी चिनी मातीसारखी पांढरी पट्टी आढळते. ती कशाची असते आणि खाऱ्या हवेत ती अधिक टिकते का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ही पट्टी बहुधा ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची असते. आपल्या जिल्ह्यातील सड्यांवर जांभ्याच्या सोबतीने जे बॉक्साइट सापडते, तेच ॲल्युमिनाचे मुख्य खनिज आहे. परिपथांसाठी साधारणतः ९६ टक्के शुद्धतेचा ॲल्युमिना वापरतात. त्यावर चांदी व पॅलेडियम या धातूंचा लेप जाळीतून छापून विजेच्या वाटा आखतात आणि सुमारे ८५० अंश सेल्सियसला भाजतात. हिरवा बोर्ड या तापमानाला जळून जाईल.

खरे महत्त्व उष्णतेचे आहे. ॲल्युमिना वीज अडवतो, परंतु उष्णता हिरव्या बोर्डाच्या कित्येक पट वेगाने वाहून नेतो. ॲल्युमिनियम नायट्राइड तर त्याच्याही पाच-सहा पट सरस, मात्र महाग असते. शिवाय तापल्यावर चिपचा सिलिकॉन दर अंशाला दहा लाखांत सुमारे ३ भाग, ॲल्युमिना ७ भाग आणि हिरवा बोर्ड साधारण १५ भाग प्रसरण पावतो. हा फरक जितका कमी, तितका वारंवार तापण्या-निवण्याने चिप आणि तिचे डाखकाम यांवर येणारा ताण कमी. इन्व्हर्टरच्या मॉड्यूलमध्ये सिरॅमिकवर तांब्याचा पत्रा थेट चिकटवलेला असतो, तोही याच कारणांसाठी.

खाऱ्या हवेविषयी मात्र गैरसमज नको. पट्टी पाणी शोषत नाही आणि गंजतही नाही, पण तिच्यावरचा धातू तसा अभेद्य नसतो. ओलावा आणि विद्युतदाब एकत्र आले की चांदीचे कण एका वाटेकडून शेजारच्या वाटेकडे सरकतात आणि कालांतराने शॉर्ट होतो. पॅलेडियम मिसळल्याने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. म्हणून दुरुस्तीनंतर मिठाचा थर पूर्ण धुऊन, पट्टी नीट वाळवून तिच्यावर संरक्षक लेप पुन्हा देणे अत्यावश्यक आहे. ओल आत ठेवून दिलेला लेप नुकसानच करतो.

आपल्या कामाच्या दृष्टीने एक सूचना आवर्जून करतो. जुन्या वायरलेस संचांच्या पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये कधी कधी बेरिलियम ऑक्साइडचे सिरॅमिक असते. ते दिसायला ॲल्युमिनासारखेच पांढरे असते, पण त्याची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचा गंभीर, दीर्घकालीन आजार होऊ शकतो. अखंड तुकडा हाताळण्यात धोका नाही. मात्र असा भाग फोडू, घासू किंवा कानशीने तासू नये. तुटलाच तर त्याचे तुकडे झाडूने न लोटता ओल्या फडक्याने उचलून बंद पिशवीत वेगळे ठेवावेत.