सेंट थॉमसहून एका दिवसाची सहल: आधी कुठलं बेट?

सेंट थॉमस हे कॅरिबियनमधलं अमेरिकेचं बेट. तिथून पहिल्या खेपेला शेजारचं सेंट जॉनच करा. सेंट थॉमसच्या रेड हूक धक्क्याहून सेंट जॉनच्या क्रूझ बे धक्क्याला फेरीबोट वीसेक मिनिटांत पोचते, आणि बेट अमेरिकेचंच असल्यानं मधे इमिग्रेशन नाही. टॉर्टोला आणि योस्ट व्हॅन डाइक नकाशावर अगदी शेजारी दिसतात, पण ती ब्रिटिश. तिथून परतणं म्हणजे अमेरिकेत नव्यानं प्रवेश. एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) असाल, पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल आणि हातात नुसतं आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याचं पत्र) असेल, तर तिकडे अजिबात जाऊ नका. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या सहलीहून संपलेल्या व्हिसावर परत येण्याची जी सवलत मिळते, ती तिथे चालत नाही. सेंट थॉमसहून विमानानं अमेरिकेच्या मुख्य भूमीवर परततानाही तपासणी असते, तेव्हा पासपोर्ट घरी ठेवू नका.

बेत आखताना आधी परतीची शेवटची फेरी बघा आणि तिथून उलटं मोजा. ब्रिटिश बाजूला धक्क्यावर तासभर आधी पोचा. कस्टम्सची रांग रेंगाळते.

वारा बहुतेक पूर्वेकडून वाहतो, म्हणून टॉर्टोलाकडे जाताना बोट जास्त आपटते, डिसेंबर-जानेवारीत तर फारच. मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसा. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.