आधी मूट्झ सुरू करा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, सगळं पहिल्यासारखं होईपर्यंत थांबावं का?" आणि मी विषय बदलला. तुझे सासरे तिथेच बसले होते, मागून त्यांचा आवाज येत होता. चाळीस वर्षं ज्या काउंटरमागे उभं राहून त्यांनी संसार केला, तो तुमच्या इटालियन चीज-ब्रेडच्या दुकानातला काउंटर जळून तीनच आठवडे झालेत. त्यांच्या देखत मला उत्तर देववेना. आता देतो. थांबू नका.

हे मी अंदाजाने सांगत नाही. तू जन्मायच्या आधी जर्सी सिटीत न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर माझं पहिलं किराणा दुकान होतं. एका रात्री शेजारच्या लाँड्रीत आग लागली. माझ्याकडे ज्वाळा आल्याच नाहीत, नुसता धूर आला आणि बंबाचं पाणी आलं. तांदळाची पोती कोरडी दिसली म्हणून मी ती ठेवून घेतली आणि आठवड्याभरात विकायला काढली. एक बाई भाताचं पातेलंच घेऊन दुकानात आल्या. काही न बोलता त्यांनी ते गल्ल्याशेजारी ठेवलं आणि झाकण काढलं. अख्ख्या भाताला धुराचा वास येत होता. मला इतकी लाज वाटली की मी शटर ओढलं आणि ठरवलं, आता फरशी, फ्रीज, पाटी सगळं नवं झाल्यावरच उघडायचं. अकरा महिने गेले. उघडलं त्या दिवशी पेढे वाटले. लोक प्रेमाने आले, पेढा खाल्ला, माझ्या बायकोची विचारपूस केली आणि डाळ-तांदूळ घ्यायला पुढच्या चौकातल्या दुकानात गेले. कुणाचा राग नव्हता गं. एवढ्या दिवसांत त्यांच्या पायांना तिकडची वाट पडली होती. ते दुकान पुढे दोन वर्षंही चाललं नाही.

होबोकनला तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि दारापर्यंत रांग होती. मी 'मोझरेला' मागितलं तर रांगेतल्या आजीबाईंनी मला सुधारलं, "मूट्झ म्हणा." ते ताजं चीज हाताला कोमट लागत होतं. तुझ्या नवऱ्याने बजावलं, फ्रीजमध्ये टाकू नका, आजच खा. त्या आजीबाईंचे वडील इटलीतल्या मोल्फेत्ताहून बोटीने आले होते, हेही मला रांगेतच कळलं. त्या गावाहून आलेली कितीतरी घरं होबोकनला आहेत. असं दुकान तीन आठवडे बंद आहे म्हणजे त्या आजीबाईंनी तीन आठवडे सुपरमार्केटमधलं प्लास्टिकच्या डब्यातलं, थंडगार, रबरासारखं चीज खाल्लं आहे. आज त्यांना ते आवडत नाही. वर्षभराने त्यांना त्याची सवय झालेली असेल, आणि मला त्याचीच भीती वाटते.

म्हणून विचार कर, मूट्झला लागतं काय? चीजचा कच्चा लादा, ज्याला तुम्ही कर्ड म्हणता, तो बाहेरूनच येतो. बाकी कढत पाणी, मीठ, एक मोठी परात, लाकडी पावडं आणि तो लादा कढत पाण्यात किती ओढायचा हे ज्यांना नेमकं कळतं असे दोन हात. यातलं दुकानाच्या भिंतींत काय होतं? परवाना असलेलं स्वयंपाकघर दिवसाचे चार तास भाड्याने मिळालं तर पुढच्या पंधरवड्यात मूट्झ सुरू होईल. चर्चच्या हॉलचं किंवा दुपारीच उघडणाऱ्या एखाद्या रेस्टॉरंटचं विचारा. शहराच्या आरोग्य खात्याकडे आधी जा, तात्पुरत्या जागेचे नियम लेखी घे. सुरुवातीला फक्त मूट्झ आणि ब्रेड ठेवा. गुरुवारचं आणि शनिवारचं रोस्ट बीफ जमलं तर जमलं.

तुझ्या सासऱ्यांना हे कमीपणाचं वाटेल. त्यांना जानीनीची गोष्ट सांग. अमादेओ जानीनी सावत्र वडिलांच्या भाजीपाल्याच्या घाऊक धंद्यात वाढला आणि 1904 मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच या इटालियन वस्तीत बँक ऑफ इटली काढली. 18 एप्रिल 1906 ला भूकंप झाला, मागोमाग आग लागली आणि शहर जळत राहिलं. जानीनीने तिजोरीतला पैसा भाजीच्या गाड्यांवर घातला, वर फळांच्या पेट्या रचल्या आणि बाहेर काढला. बाकीचे बँकवाले म्हणत होते की महिनोन् महिने उघडायचंच नाही. याने बंदरावर दोन पिंपांवर एक फळी टाकली आणि घरं बांधायला कर्ज द्यायला सुरुवात केली. तीच बँक पुढे बँक ऑफ अमेरिका झाली. तो मुळात भाजीवाला होता आणि गिऱ्हाईक सकाळी येऊन हात हलवत परत गेलं तर काय होतं हे त्याला बँकवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं, असं मला नेहमी वाटतं.

आणि हे फार जुनं वाटलं तर न्यू ऑर्लिन्सची सेंट्रल ग्रोसरी घे. सिसिलीहून आलेल्या साल्वातोरे लुपोने ती 1906 मध्येच डेकेटर स्ट्रीटवर काढली. बाजारात माल घेऊन आलेले सिसिलियन शेतकरी तिथे ब्रेड, सलामी, चीज, ऑलिव्हचं सॅलड असं सगळं वेगवेगळं घेऊन मांडीवर कसंबसं सावरत खायचे. लुपोने तिळाचा गोल ब्रेड आडवा कापला आणि सगळं त्यात भरलं. तोच मफलेटा. ऑगस्ट 2021 मध्ये आयडा वादळाने त्या इमारतीचं एवढं नुकसान केलं की दुकान थेट डिसेंबर 2024 मध्ये उघडलं. तीन वर्षांहून जास्त! पण मफलेटा त्या काळात थांबला नव्हता. शेजारच्या वाइनच्या दुकानात मिळायचा, पार्सलने लांबच्या गावी जायचा. दार उघडलं तेव्हा लोक नव्याने आले नाहीत, ते आपल्या जागी परत आले. मला तुमच्यासाठी हेच हवं आहे.

आता पैशांचं. तुमच्या विम्यात 'बिझनेस इन्कम', म्हणजे बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई, आहे का हे तू बघितलंस, पण त्याच्या शेजारी 'एक्स्ट्रा एक्स्पेन्स' लिहिलंय का तेही बघ. तात्पुरती जागा, भाड्याचा फ्रीज, जादा वाहतूक हा खर्च धंदा चालू ठेवण्यासाठी केला असेल तर तो त्यातून मिळू शकतो. मला माझ्या एजंटाने हे कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बुडालेलं उत्पन्न मोजताना साधारणपणे पहिले 72 तास धरत नाहीत. शिवाय ते किती दिवस द्यायचं हे तुम्ही प्रत्यक्ष कधी उघडता यावर नसतं, वाजवी वेगाने दुरुस्ती कधी व्हायला हवी होती यावर असतं. म्हणजे सासऱ्यांना जुन्यासारखाच पत्र्याचा नक्षीदार छत हवा म्हणून सहा महिने जास्त गेले, तर ते सहा महिने तुमच्या खिशातून. आणि जुन्या इमारतीला आता नव्या नियमांनी स्प्रिंकलर वगैरे बसवावे लागू शकतात. तो जादा खर्च विम्यात 'ऑर्डिनन्स ऑर लॉ' या नावाखाली वेगळा घ्यावा लागतो, तो आहे का बघ.

मालाबद्दल मी कठोर होणार आहे. तळघरातली पार्मिज्यानो चीजची चाकं वाचली असं तुझे सासरे म्हणतात. वाचलेली नाहीत. 2012 च्या मे महिन्यात इटलीतल्या एमिलियात भूकंप झाला तेव्हा लाखो चाकं फळ्यांवरून कोसळली, आणि जगभरच्या लोकांनी ते तुटकं चीज विकत घेऊन तिथल्या लोकांना हात दिला. ते चीज तुटलं होतं, पण चांगलं होतं. तुमचं धुरात राहिलंय. चीज, मैदा, पास्ता वास ओढून घेतात, आणि टोमॅटोचे डबे आगीच्या धगीत राहिले असतील तर बाहेरून धड दिसले तरी आतला भरवसा नाही. एकेका चाकाचं वजन चाळीस किलोच्या आसपास, निदान बारा महिने मुरवलेलं. टाकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल हे मला कळतं. प्रत्येकाचा फोटो काढ, वजन लिही, यादी विमावाल्याला दे आणि मग टाक. माझ्या गल्ल्याशेजारचं ते पातेलं तुमच्याकडे येऊ नये.

काउंटरवरच्या दोघी बायकांना आणि स्लायसरवरच्या काकांना पगार चालू ठेवा, अर्धा का होईना. गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या डोक्यात आहेत. त्यांना बसवून फोन नंबर लिहून घे. माझ्याकडे एकाचाही नंबर नव्हता.

सासऱ्यांशी वाद घालू नकोस. एक मोठा कागद घे आणि त्यांच्याकडून दुकानाचा नकाशा काढून घे. नंबराची चिठ्ठी कुठे फाडायची, ब्रेड कुठल्या हाताला, प्रोव्होलोन चीज कुठे टांगलेलं, आजीबाई टेकायच्या ती खुर्ची कुठे होती, सगळं. नवी भिंत नवीच असू दे, पण या जागा हलवू नका. डोळे मिटून आलेल्या माणसाचा हात ब्रेडवर पडला पाहिजे. हे काम त्यांच्याशिवाय कुणाला जमणार नाही, आणि त्यांना या घडीला असंच काम हवंय.

ख्रिसमसला दोन महिने आहेत. 24 डिसेंबरच्या रात्री इटालियन घरांत माशांचं जेवण असतं, त्याला बकाला लागतो, तो खारवलेला मासा दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. आपल्याकडे खारा मासा भिजवतात तसाच. त्याला तर घमेली आणि थंड जागा एवढंच पुरे. ऑर्डरी नोव्हेंबरातच घ्यायला लागा.

बुधवारी सकाळी साडेआठला मी येतोय. माझ्याकडे लग्नकार्याची दोन मोठी स्टीलची पातेली पडून आहेत, पाणी तापवायला चालतील. सासऱ्यांना सांग, मला कर्ड ओढायला शिकायचं आहे आणि ते त्यांच्याकडूनच.

तुझा,
काका