गेममध्येच काळा पडणारा जुना मॉनिटर: कार्डावर खर्च करण्याआधी

तुमची तक्रार मला समजली ती अशी. नऊ वर्षं जुना २४ इंची १०८०पी मॉनिटर, डीव्हीआय केबलवर. एरवी दिवसभर ठणठणीत. गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत हिरवे-पांढरे ठिपके लुकलुकतात, मग पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येतो. विंडोजमध्ये ६० हर्ट्झ (म्हणजे पडद्यावर सेकंदाला ६० वेळा नवं चित्र) ठेवलंय, गेममध्ये ७५ निवडलंय. आणि म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचा विचार आहे.

थोडं थांबा. मीही एकदा असाच घाईने कार्ड बदलून बसलो होतो. नव्या कार्डावरही तेच ठिपके, त्याच जागी नाचत होते. दोष केबलमध्ये निघाला.

मॉनिटरला तुम्ही गेम खेळताय की हिशेब लिहिताय हे कळत नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त सिग्नल. त्यामुळे ‘फक्त गेममध्येच होतं’ याचा अर्थ एवढाच, की गेम सुरू झाल्यावर सिग्नल तरी बदलतो किंवा तो पाठवणाऱ्या कार्डावरचा भार तरी वाढतो. तुमच्या बाबतीत दोन्ही होतंय, म्हणून आधी ते वेगळं करायला हवं.

माझा पहिला संशय त्या ७५ वर आहे. १०८०पी चित्र ६० हर्ट्झला पाठवायला साधारण १४८.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, लागतो. ७५ ला तोच १७० च्या पुढे जातो. आणि सिंगल-लिंक, म्हणजे साध्या प्रकारच्या, डीव्हीआयची ठरलेली मर्यादा आहे १६५. कार्ड-मॉनिटरच्या बऱ्याच जोड्या त्याच्या वरही चालतात, पण काठावर चालतात. केबल थोडी जुनी झाली, पिना सैल झाल्या, मध्ये एखादा कन्व्हर्टर आला, की काठावरून पाय घसरतो. डिजिटल सिग्नल जुन्या व्हीजीएसारखा हळूहळू धूसर होत नाही. आधी इकडेतिकडे चुकार ठिपके दिसतात आणि चुका वाढल्या की मॉनिटर सिग्नल सोडून देतो, पडदा काळा, मग पुन्हा पकडतो. तुम्ही वर्णन केलंय ते जवळपास हेच.

तेव्हा उलटसुलट करून बघा. गेम ६० वर खेळा आणि नंतर गेम बंद ठेवून विंडोज ७५ वर ठेवा, तासभर काहीही काम करा. नुसत्या विंडोजमध्ये ७५ वर ठिपके आले तर कार्ड सुटलं, जोडणी सापडली. अशा वेळी ६० वरच राहा, नाहीतर चांगली, आखूड केबल लावा. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट (डीव्हीआयपेक्षा नवी जोडणी) असेल तर सरळ त्यावर जा. उलट ६० वर खेळतानाही पडदा जात असेल तर कार्डाचं तापमान, पंख्यांवरची धूळ आणि संगणकाचा पॉवर सप्लाय बघायचा. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कोसळून सावरला असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. ती नोंद असेल तर मी मॉनिटरच्या वाटेला जाणारच नाही.

आणखी दोन सोप्या खुणा. ठिपके दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या. चित्रातही ठिपके असतील तर ते कार्डानेच काढलेत. चित्र स्वच्छ असेल तर घोळ कार्डाच्या सॉकेटपासून पुढे कुठेतरी आहे. (मोबाइलने पडद्याचा फोटो काढून उपयोग नाही, त्यात दोन्हीकडचे दोष येतात.) दुसरी खूण म्हणजे मॉनिटरचा स्वतःचा मेनू. तो मॉनिटर स्वतः रेखाटतो, केबलमधून येत नाही. मेनूवरही रेघा, ठिपके, थरथर दिसली तर मॉनिटरच आजारी आहे.

काळोखाच्या त्या दोन सेकंदांत काय होतं तेही नीट बघा. पॉवरचा दिवा पूर्ण विझला तर मॉनिटरचा वीजपुरवठा. दिवा चालू, पण टॉर्च तिरका धरला की पुसट चित्र दिसतं, तर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड. ‘नो सिग्नल’ आलं तर केबल किंवा कार्ड.

जुना मॉनिटर म्हटलं की सगळे आतल्या फुगलेल्या कपॅसिटरकडे (वीज साठवणाऱ्या भागाकडे) बोट दाखवतात. तो रोग खरा आहे, पण त्याची लक्षणं बहुतेक वेळा उलटी असतात: थंड असताना चालू व्हायला कुरकुर, लुकलुक, आणि तापला की शहाणा. तुमचा तर तापल्यावर बिघडतोय. तरी कोणी उघडून बघ म्हणालं तर हौशीने उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात.

शेवटी तुम्ही विचारलेल्या त्या आडव्या चिरेबद्दल, म्हणजे कॅमेरा वळवताना चित्र मध्येच तुटल्यासारखं दिसतं ते. तो बिघाड नाही. कार्ड आणि मॉनिटरचा ताल जुळत नाही एवढंच. गेममध्ये व्ही-सिंक, म्हणजे तो ताल जुळवणारी सेटिंग, लावून बघा, माउस किंचित जड वाटेल.

आधी ६०-७५ ची अदलाबदल करा. पडदा काळा झाला तेव्हा दिवा कसा होता आणि स्क्रीनशॉटमध्ये ठिपके आले का, एवढं कळवा, मग पुढचं बघू.