सारखं वाटतं म्हणून लगेच चोर म्हणू नकोस

अरे, एखाद्या गिटारवाल्या गायकाचं गाणं दुसऱ्यासारखं वाटलं की तू लगेच त्याला चोर म्हणतोस. 1965 मध्ये डोनोव्हन या स्कॉटिश गायकालाही अमेरिकन गायक बॉब डिलनची कॉपी म्हणून हिणवायचे. पण डिलन तरी कुठे आभाळातून पडला होता? 1962 च्या पहिल्या अल्बममध्ये त्याने आधीच्या पिढीतल्या वुडी गथ्री या लोकगायकावर गाणं केलं, तेही गथ्रीच्याच चालीवर! आणि 1968 मध्ये ऋषिकेशला याच डोनोव्हनने बीटल्सच्या जॉन लेननला बोटांनी गिटार वाजवायला शिकवलं. अंगठा खर्जाच्या तारांवर आलटूनपालटून ठोका धरतो, बाकीची बोटं वर चाल विणतात. हा साचा कुणा एकाचा नाही. त्यात कॅपो (गिटारच्या मानेवर लावून सूर चढवणारा चिमटा) लावून तेच चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), मग सारखं वाटणारच. चोरी शोधायचीच तर चाल आणि शब्द बघ.

तू शिकताना आधी एका गायकाची बिनधास्त नक्कल कर. मी दोन वर्षं डिलनसारखा नाकात गायचो, घरचे पार वैतागले होते.